डाव्या हाताचा ढोल

इस्त्रीवाल्या मावशीच्या डोक्याला काळा रुमाल आणि तोंडात डोंगराकडची भाषा, तेव्हा नवं गिऱ्हाईक तिला डोंगराकडचीच समजायचं. प्रत्यक्षात ती याच गल्लीत जन्मली होती आणि दोन जिने चढली की तिला धाप लागायची. डोंगर तिने पाहिला होता तो कॅलेंडरवर, तोही परक्याच्या दुकानात.

ही लागण घड्याळजींपासून झाली. मावशीच्या वडिलांच्या घरात माणसं तोंड उघडत ती फक्त हुकूम सोडायला. "दार लाव." "दिवा मालव." वरच्या मजल्यावर डोंगराकडचे घड्याळजी राहत. त्यांच्याकडचं हसणं जिना उतरून खाली यायचं, रडणं गच्चीवर जायचं आणि भांडण फारच पेटलं तर कुणीतरी ढोल काढायचं. ही पोर एकदा सहज वर गेली, ती जेवणापुरतीच खाली येऊ लागली. पुढे तेवढ्यालाही येईना.

घड्याळजींनी तिला शेजारी बसवून ढोल शिकवला. ते पक्के डावखुरे. ते डाव्या हाताने काठी मारत, म्हणून हीही डाव्याच हाताने मारायची. 'यांच्यात असंच असतं' अशी तिची समजूत. ती चूक आहे हे कळेपर्यंत हात वळून गेला होता, आणि वळलेला हात आणि वळलेलं मन, दोन्ही इस्त्रीने सरळ होत नाहीत.

आता घड्याळजी गेले. रविवारी डोंगरवाल्यांच्या सभागृहात त्यांची शोकसभा होती आणि तिथे ढोलांची ओळ वाजायची होती. आपल्या गुरूसाठी त्या ओळीत बसायचं, एवढंच मावशीला हवं होतं.

आधी थोरला भाऊ दुकानात आला.

"आपल्यात काय कमी होतं गं, म्हणून त्यांचा रुमाल बांधून फिरतेस?"

"बोलणारं माणूस कमी होतं, दादा."

"लोक हसतात!"

"हसू देत की. आपल्या घरात कुणी हसल्याचं आठवतंय का तुला?"

शर्टाच्या दोन्ही बाह्यांना इस्त्री होईस्तोवर दादाने आठवून पाहिलं. नाही आठवलं. शर्ट घेऊन तो फणकाऱ्याने निघून गेला.

शनिवारी तालीम होती. नवे अध्यक्ष तरुण, उत्साही आणि नखशिखान्त डोंगरी पोशाखातले. पोशाख इतका नवा की बसताना करकरत होता.

"मावशी, उद्या तुम्ही समोर खुर्चीवर बसा," ते म्हणाले. "ओळीत रक्ताचीच माणसं हवीत. शिवाय तुमचं कोपर!"

कोपराचं मात्र खरं होतं. बाकी सगळे उजवे, त्यामुळे हिचं डावं कोपर ओळीत शेजारी वाजवणाऱ्या पाववाल्याच्या बरगडीत घुसायचं. पाववाला बिचारा ठोक्यागणिक "आई गं" म्हणायचा, तेही तालात.

"तुम्हाला तुमची माणसं नाहीत का?" अध्यक्षांनी विचारलं.

मावशीला हसूच फुटलं. "कालच भाऊ हेच विचारून गेला. तुमचं दोघांचं छान जमेल! हे बघा साहेब, तुम्ही या माणसांत जन्मलात, यात तुमचं काय कर्तृत्व? मी यांच्यात चालत आले."

"निदान उजव्या हाताने तरी वाजवा."

"घड्याळजी गेलेत. आता त्यांचा हातही घालवू?"

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि ओळीच्या डाव्या टोकाला ढोल घेऊन बसली. ती जागा अध्यक्षांची. पण कोपराला वारा लागेल अशी सभागृहात तेवढीच एक.

अध्यक्ष समोर येऊन उभे राहिले.

"उठवायचं तर ढोलासकट उठवा," मावशी म्हणाली. "ढोल जड आहे. मी त्याहून जड आहे."

कुणी हलेना. शेवटी पाववाल्याने आपली बरगडी चाचपली आणि शेजारची जागा थोपटली. "अध्यक्ष, इथे बसा. आजपासून इथे काही धोका नाही."

अध्यक्ष करकरत बसले. मावशीने रुमालाची गाठ आवळली, कुणाच्या खुणेची वाट न पाहता डावा हात उचलला आणि घड्याळजींसाठी पहिला ठोका मारला.