भरल्या पोटाची परीक्षा

"याचं पाचारण पोटातून आलेलं दिसतंय," फादर म्हणाले.

मी तिसऱ्यांदा भात घेतला होता. बारामतीचं शिबिर, दुपारचं जेवण. फादर व्हायला देवाचं बोलावणं, म्हणजे पाचारण, आलंय असं वाटणारी आम्ही अकरा पोरं ओळीनं बसलेलो. सगळे हसले. पायात चकचकीत बूट घातलेला पुण्याचा एक पोरगा तर ठसका लागेपर्यंत हसला. भात टाकला तर माजला म्हणतील, खाल्ला तर हावरा. खाल्ला. शीतही ठेवलं नाही.

संध्याकाळी एकेकाला खोलीत बोलावलं. मला विचारलं, "घरी दोन वेळचं मिळतं ना?"

"कधी मिळतं, कधी न्हाय."

"मग आधी पोटाचं बघ. पोट भरल्यावरही देव बोलावतोय असं वाटलं, तर ये."

फादर घडवणाऱ्या शाळेचा, सेमिनरीचा, फॉर्म बाकीच्यांना दिला; मला दिलाच नाही.

एसटीनं गावी, सणसरला आलो. आमची चार ख्रिस्ती घरं गावाच्या कडेला, उसाला लागून. बाप दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जायचा. आई म्हणाली, "बरं झालं. एकुलता एक हायस, सून कवा बघायची मी?" बाप खोरं घेऊन पाण्याला गेला.

आता खरं सांगतो. फादरांचं बोलणं मला पटलं होतं. तेच जास्त लागलं. शिबिरात पोटभर भात मिळाला तेव्हा बरं वाटलं होतं, ते नाही कसं म्हणू?

पण आणखी एक होतं. मी पंधरा वर्षांचा असताना आत्या गेली. फादर परगावी. उन्हाळ्याचे दिवस, मयत किती वेळ ठेवणार? नीट वाचता येणारा मी एकटा. मातीच्या प्रार्थना मीच वाचल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भूक आठवलीसुद्धा नाही. खड्ड्याच्या काठावर उभं राहून वाटलं, हे आपलं काम आहे. आपल्या चार घरांतलं कुणी असं फादरावाचून जाऊ नये. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग फादर म्हणाले ती भरल्या पोटाची परीक्षा द्यायची ठरवली. बारामतीत स्टँडजवळच्या खानावळीत वाढप्याचं काम धरलं. मालक पिंपळीचे, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. "खा रं, खानाऱ्याचा हात मी धरत न्हाय," म्हणायचे. दोन वर्षं पोटभर जेवलो. भाकरी, आमटी, रविवारी मटण. गाल वर आले. दुपारी तीनला गिऱ्हाईक ओसरलं की मोरीशेजारी एकटाच जेवायला बसायचो आणि स्वतःला विचारायचो, गेलं का रे ते बोलावणं? नव्हतं गेलं. पण सांगणार कुणाला? तात्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, येड लागलं का तुला. भरल्या खानावळीत मी एकटा पडलो होतो. उपाशी होतो तेव्हाही इतका एकटा नव्हतो.

एक दिवस शिबिरातला तो पुण्याचा बूटवाला जेवायला आला. सेमिनरीतून सुट्टीवर. मला ओळखलं. "तू आलाच नाहीस पुढं?"

मी ताट ठेवलं. "तुला फादरांनी काय विचारलं होतं तवा?"

"काही नाही. बाबा कसे आहेत, क्रिकेट खेळतोस का. बस."

"उपाशी राहून दाखव म्हणाले न्हाईत?"

"मला? का?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मला मात्र कळलं, आणि डोकं भणभणलं. भरल्या घरच्या पोराचं बोलावणं देवाचं. माझं मात्र पोटाचं, आणि तसं नाही हे मीच दोन वर्षं मोरीपाशी बसून सिद्ध करत होतो. फादरांपेक्षा स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तात्यांकडून सुट्टी घेऊन फादरांकडं गेलो.

"अरे वा, तब्येत सुधारली," ते म्हणाले. "मग? अजून वाटतं का?"

उत्तर पाठ होतं. दिलं नाही.

"ते मी सांगनार न्हाय, फादर. बाकीच्यांना जो फॉर्म दिला तो द्या. न्हाय म्हनायचं असंल तर कारण लिहून द्या."

"ही भाषा धर्मगुरूला शोभत नाही."

"झाल्यावर बी हीच ऱ्हाईल."

त्यांचा चेहरा उतरला. टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. म्हणाले, "शांतपणे विचार कर, मग ये."

मी खुर्ची ओढली.

"माझा विचार करून झालाय, फादर. आता तुमी करा. मी हितंच बसतो."