काचेचा बोर्ड

जुन्नरला कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये माझ्याबरोबर डिंगोऱ्याचा एक जण होता. पहिल्या एसटीनं यायचा आणि आम्ही उगवेपर्यंत एकटाच सराव करायचा. तरी त्याचे निम्मे बॉल रिंगला आपटून बाहेर जायचे. मी सराव टाळायचो, पण माझा नेम चुकत नसे. "तुझ्या हातातच हाय, राव," तो म्हणायचा. त्यात हेवा नसायचा.

विद्यापीठाच्या शिबिराला माझी निवड झाली, त्याची नाही. नुसत्या कंटाळ्यानं मी चार दिवसांत परत आलो. सर बोलले, घरचेही बोलले. त्यानं घाम पुसत एवढंच विचारलं, "तिथं बोर्ड काचेचा व्हता का रं?"

"होता."

आमच्या फुगलेल्या लाकडी बोर्डाकडे त्यानं जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा बॉल उचलला. मला तिथं उभं राहवेना.