वाफेपुरती जागा

आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात दुखतं म्हणून मी हे सांगतोय. ज्याच्या मागे बसून मी अकरा वर्षं ड्रम वाजवले, त्याने एका सकाळी आम्हा तिघांना चहाला बोलावलं आणि म्हणाला, आता काहीतरी साधं करायचंय. एक गळा, एक गिटार, बस्स. बासवाला, कीबोर्डवाला आणि मी, म्हणजे त्या साधेपणातली अडचण. चहा मात्र चांगला होता.

सहा महिन्यांनी त्याचा अल्बम आला. कव्हरवर रिकामी खुर्ची आणि मागच्या बाजूला एक ओळ: शब्द, चाल, गिटार, आवाज, सगळं एकट्याचं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. जे लोक आमच्या कार्यक्रमाला येऊन शेंगदाणे खात गप्पा मारायचे, तेच आता डोळे मिटून ऐकायला लागले. मी नाक मुरडत ऐकला. चांगला होता. तेच तर दुखणं.

पण मला त्याच्याबद्दल सांगायचं नाही. त्याच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या मोठ्या बहिणीबद्दल. तिला आम्ही सगळे ताईच म्हणायचो, आणि ती त्याला धाकटा म्हणायची, म्हणून मीही इथे धाकटाच म्हणतो. मी त्याला मनातल्या मनात आणखीही बरंच म्हणतो, पण ते राहू दे.

ताई एका मोठ्या लाँड्रीत काम करते. दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे कपडे तिथे धुऊन, इस्त्री होऊन जातात. लांबलचक हॉल, एका टोकाला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या टोकाला ओळीने सहा प्रेस. तीन नंबरचा प्रेस ताईचा, बावीस वर्षं तोच. प्रेस म्हणजे एक गादी आणि तिच्यावर पडणारं जड झाकण. कोट गादीवर पसरायचा, हाताने सुरकुत्या काढायच्या, झाकण खाली ओढायचं, पायाने पेडल दाबलं की स्स्स करून वाफ. झाकण वर, कोट फिरवायचा, पुन्हा तेच. दिवसाला दीड-दोनशे कोट. ताईचे दंड एखाद्या पैलवानाने लाजावं असे झालेत आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा एक चपटा डाग आहे. त्याला ती घड्याळ म्हणते.

ज्यांचे कोट तिच्या हाताखालून जातात त्यांना तिने कधी पाहिलेलं नाही, पण ओळखते सगळ्यांना. कोण उघडं पेन खिशात टाकतो, कोण जेवताना डावी बाही ताटात बुडवतं. एका डॉक्टरचं तिसरं बटण दर आठवड्याला तुटलेलं असतं. ताई म्हणते, "ह्या माणसाला मी पोट दाखवायची नाही. ह्याला स्वतःचं पोट आवरत नाही."

बँड मोडल्यावर मी दोन महिने घरात रुसून बसलो होतो. ताई एकदा आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ठोक्या, तुला गाडी चालवता येते ना? आमच्या डिलिव्हरीचा माणूस सोडून गेलाय. उद्या सातला ये. आणि दाढी कर." ठोक्या हे नाव तिनेच मला दिलेलं. मी दुसऱ्या दिवशी दाढी करून सातला गेलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती फक्त ड्रमवाल्यालाच कळेल अशी आहे, पण मी सोपी करून सांगतो. धाकट्याच्या प्रत्येक गाण्यात ओळ संपली की चार मात्रांची मोकळी जागा असते. चार, फार तर त्याहून किंचित जास्त. बँडमध्ये पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं, "इथे जागा आहे, तू भर." मी अकरा वर्षं ती भरत आलो. ही जागा का आहे असं मी कधी विचारलं नाही. नव्या अल्बममध्ये ती रिकामी सोडलेली होती. ऐकताना माझा हात आपोआप मांडीवर वाजायला लागायचा. आणि जाणकार लिहीत होते की त्या शांततेत कलावंताचा एकटेपणा श्वास घेतो.

लाँड्रीतल्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी ट्रॉलीची वाट बघत तीन नंबरपाशी उभा होतो. ताई गात होती. यंत्रांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही, म्हणून ती मोकळ्या गळ्याने गाते. कोट पसरताना एक ओळ. मग झाकण खाली, तोंड बंद, कारण गरम वाफ घशात गेली तर दिवसभर खोकला. स्स्स. एक, दोन, तीन, चार. झाकण वर, पुढची ओळ.

माझ्या हातातून कपड्यांची यादी खाली पडली.

गाणं नवं होतं, मी कधी न ऐकलेलं, पण चाल कुठल्या घरची ते ओळखायला मला दुसरी ओळ लागली नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सरळच विचारलं, "ताई, गाणी तुझी आहेत?"

"कुठली?"

"सगळी."

तिने डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. "मी घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालून बसते, तेव्हा दिवसभराचं तोंडात असतं ते म्हणते. तो शेजारी गिटार घेऊन बसतो. आई गेल्यापासूनचं आहे ते. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, गप्प गप्प असायचा. मी म्हटलं की तेवढा बोलायचा."

"आणि शब्द?"

"शब्द काय, समोर असतं तेच."

मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे, 'खिसे उलटे करून पाहिले, कुणाचंच काही निघालं नाही.' त्यावर एका जाणकाराने दोन पानं खर्ची घातली होती, संपलेल्या प्रेमाची झडती वगैरे. ताई म्हणाली, "अरे, धुण्याआधी खिसे बघावेच लागतात. नाहीतर पेन फुटतं आणि यंत्रातला अख्खा घाणा निळा." आणि दुसरं, 'बाही सरळ कर, हात कुणाचा ते विचारू नको.' त्यावर रडणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. ते तिने नव्या आलेल्या बाईला काम शिकवताना म्हटलं होतं.

मी हसलो, आणि हसता हसता संतापलो. म्हटलं, "अगं, आणि तू मूग गिळून बसलीस?"

तेव्हा तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "बँड होता तेव्हा कव्हरवर 'गीत-संगीत: बँड' असं असायचं. चौघांचं होतं, तेव्हा मी स्वतःला पाचवी समजत होते. वाईट वाटलं नाही कधी. आता एकट्याचं म्हटल्यावर मी कुठे बसू?"

तिला फार काही नको होतं. नाव हवं होतं. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत चालणार होतं. तिने धाकट्याला तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, पहिली आवृत्ती छापून गेली, दुसऱ्या छपाईत नक्की टाकतो, आणि शुक्रवारच्या कार्यक्रमात स्टेजवरून सांगतोच. ताईने शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकली. बावीस वर्षांत तिने किती सुट्ट्या घेतल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. सकाळी येऊन तिने तीन नंबरवर त्याचा पांढरा शर्ट प्रेस केला आणि हँगरला लावून गाडीत माझ्या शेजारी ठेवला. "चुरगळला तर तुझी खैर नाही," म्हणाली.

तीनशे खुर्च्यांचा हॉल, सगळ्या भरलेल्या. आम्ही दोघं पाचव्या रांगेत. धाकटा सुरेख गायला, ते कबूल करायला जिवावर येतं पण करतो. मध्ये थांबून तो म्हणाला, "लोक विचारतात, ही शांतता येते कुठून. काय सांगू? खोलीत एकटं राहिलं की ती आपोआप येते." त्याचं घर दोन खोल्यांचं आहे, आणि बाहेरच्या खोलीत बादलीत पाय घालून ताई बसलेली असते. मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे सरकून बसली होती.

मग तो म्हणाला, "आज माझी मोठी बहीण इथे आली आहे. ती नसती तर..."

आणि तो थांबला. थांबायचं कुठे ते त्याला चांगलं कळतं. ताईने माझं मनगट धरलं.

"...तर हा शर्ट असा दिसला नसता."

हॉल हसला. प्रेमाने हसला, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. लोक माना वळवून बघायला लागले, म्हणून ताई अर्धवट उठली, हसली, टाळ्या झाल्या, बसली. माझं मनगट तिने सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते. परतताना आम्ही बसने आलो. उतरायच्या आधी म्हणाली, "कॉलरला पाणी जरा जास्त झालं."

दुसरी छपाई आली. मागची ओळ तीच. ह्या वेळी तिने त्याला धरून विचारलं. त्याने काय उत्तर दिलं ते तिनेच मला सांगितलं: "ताई, तू गुणगुणतेस. गाणं मी करतो. मी धरून ठेवलं नसतं तर सकाळपर्यंत तुलाही आठवलं नसतं."

"आणि ते खरंही आहे," ताई म्हणाली, "हीच तर पंचाईत आहे."

मला ते सहन होईना. मी दिसेल त्याला सांगत सुटलो. बासवाल्याला सांगितलं, कीबोर्डवाल्याला सांगितलं, दुकानात, रांगेत, जिथे तोंड उघडायची सोय असेल तिथे. आव असा, की जणू मी तिचा वकील. बभ्रा होत होत ते एका वर्तमानपत्रापर्यंत पोचलं आणि तिथली एक बाई ताईला लाँड्रीत येऊन भेटली. ताईने तिला सांगितलं, "मला विचारू नका, मी बहीण आहे, मी काही म्हटलं तरी लोक म्हणतील घरचं भांडण. आमच्या ठोक्याला विचारा. तो अकरा वर्षं होता. तो खोटं बोलायचा नाही."

हे त्या बाईनेच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, गाडीपाशी उभी राहून. वही उघडली होती.

आता मधलं राहिलं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी मला धाकट्याचा फोन आला होता. आवाज अगदी जुन्या दिवसांसारखा. "पुढच्या दौऱ्यात थोडा ठेका घ्यावा म्हणतोय. हलका, काठ्यांऐवजी ब्रशने. दुसरं कुणाला घ्यायला मन होत नाही. येशील?" मी हो म्हणालो. विचार करतो असंसुद्धा म्हणालो नाही. मग तो म्हणाला, "आणि हो, एक बाई तुला भेटेल बहुतेक. काय सांगायचं ते तुला कळतंच." बस, एवढंच. धमकी नाही, अट नाही. मला कळतंच, हेही खरं होतं.

त्या बाईने विचारलं, "गाणी कुणाची?"

मी गाडीत चादरींचे गठ्ठे चढवत होतो. एक गठ्ठा नीट होता तो उगाच पुन्हा नीट केला. आणि म्हणालो, "त्याचीच. ताई गुणगुणते हो घरात. घरात कोण गुणगुणत नाही?"

त्याचंच वाक्य माझ्या तोंडातून निघालं, आणि मला अडखळायलाही झालं नाही. बाईने लिहून घेतलं, आभार मानले, वही मिटली. माझ्या आयुष्यात मी कधी ताल चुकलो नाही, असा माझा तोरा असतो. तो मी अजूनही मिरवतो.

रविवारी छापून आलं. 'अकरा वर्षं सोबत असलेल्या ड्रमवादकानेही ह्याला दुजोरा दिला.' सोमवारी मी लाँड्रीत गेलो तो काम सोडायचं सांगायलाच, पण जेवायच्या सुट्टीपर्यंत मला तीन नंबरकडे जायचं धाडस झालं नाही. सुट्टीत ताई नेहमीच्या जागी बसली होती. पेपर घडी करून डब्याखाली ठेवलेला, टेबलाला डाग पडू नये म्हणून. तिने सरकून मला जागा केली. मी बसलो. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या, उलट बरं वाटलं असतं.

तिने विचारलं, "तुला घेतलं का रे त्याने परत?"

"हो."

"नवीन अल्बमवर असशील?"

"असं म्हणाला."

तिने मान हलवली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "चला," म्हणाली, "आपल्या दोघांपैकी एकाचं तरी नाव लागेल."

ती टोमणा मारत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, टोमणा कुठे सापडतो का ते शोधलं. नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं.