डब्याचा शेक

गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग अकोल्याला किरणांचे उपचार सुरू झाले. आमच्याकडे त्याला शेकच म्हणतात. शेलूबाजारहून सकाळच्या एसटीने मी आणि नवरा निघायचो. सोबत गरम खिचडीचा डबा, कारण बाहेरचं मला चालत नाही आणि गार खिचडी घशाखाली उतरत नाही.

कातडी फुटली तर शेक मध्येच थांबवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला एकदाचं उरकून मोकळं व्हायचं होतं.

तिथे एक नवा कॅमेरा आला होता. तो अंगाची गरमी टिपतो; जास्त गरम जागा फोटोत लाल दिसते. लाली दिसण्याआधीच कातडी कुठे चिडणार ते त्यात कळतं का, हे डॉक्टर पडताळून पाहत होते. दर आठवड्याच्या फोटोला मी हो म्हटलं. नवरा फोटोवाल्या मुलीला म्हणाला, "हिची गरमी मोजाले मशीन कायले पायजे? मी तीस वर्षं पाहून राह्यलो." दुपारपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोटोत शेकाच्या जागेवर वाटीएवढा लालभडक गोल उमटला. आता शेक थांबणार, असंच मला वाटलं.

"काकू, येताना छातीशी काही धरलं होतं का?" मुलीने विचारलं.

धरलं होतं. बसच्या खिडकीला काच नव्हती, थंडी मी म्हणत होती, आणि डबा मी छातीशी घट्ट कवटाळून बसले होते. नर्सने चांगलंच झापलं. शेकलेल्या जागेला आणखी शेक देतं का कोणी? अंग निवेपर्यंत बसवून पुन्हा फोटो काढला. गोल गेला होता, पण स्तनाखालच्या घडीत एक बारीक लाल पट्टी तशीच होती. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून त्या घडीला मलम आणि अंगात सैल सुती झंपर. आठवड्याने नेमकी तिथेच लाली आली, आगही झाली, पण कातडी फुटली नाही. एकही शेक बुडला नाही. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला त्याचं ते बोलणं माफ केलं.

डबा मात्र त्याच्या ताब्यात गेला. खिडकीशीही तोच बसायचा.

शेवटच्या दिवशी माझा फोटो झाल्यावर मुलीने बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं. तो डबा टेबलावर ठेवून उभा राहिला, आणि तिने गंमत म्हणून कॅमेरा त्याच्याकडे वळवला. त्याच्या शर्टावर, छातीच्या मधोमध, वाटीएवढा लाल गोल.

"हे काय?" मी विचारलं.

"खिचडी थंडी झाली तं तू जेवत नाही न," तो म्हणाला.