गिटार खाली ठेवलेला माणूस

“थांब रं, अजून लागली नाय.”

कार्यक्रम सुरू होण्याआधी तो हे म्हणणारच. मग गिटारच्या लाकडाला कान टेकवायचा, डोळे मिटायचा आणि एकेक तार पिळत बसायचा. समोर लोक खोळंबलेत, हॉटेलचा मॅनेजर घड्याळ दाखवतोय, याला काही नाही.

आमचा चौघांचा बँड होता. मी ड्रमवर, तो गिटारवर, आणि गाणंही त्याचंच. नेरळजवळच्या एका बंद भातगिरणीत आम्ही जुन्या इंग्रजी रॉक गाण्यांचा सराव करायचो. शेतावरून परतणारी माणसं दाराशी रेंगाळायची. एक आजोबा म्हणाले होते, “काय बोलतो ते कळत नाय, पन पोरगा रडवतो रं.”

शनिवार-रविवार माथेरानच्या हॉटेलांत वाजवायला जायचो. ड्रम, स्पीकर घोड्यांवर लादलेले. गिटार मात्र तो कुणाला द्यायचा नाही. “घोडा गुणी हाय तुजा, पन त्याला सूर नाय कळत,” असं घोडेवाल्याला सांगून स्वतःच खांद्यावर घेऊन चढायचा.

तिथेच पाहुण्यांच्या एका घोळक्यात त्याच्या हाती पहिल्यांदा नशेची पावडर आली. आधी कार्यक्रमापुरती, मग रोजची, मग सुईने. तुम्ही असा माणूस जवळून पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, घरच्यांना आणि मित्रांना ते सगळ्यात शेवटी दिसतं. भर उन्हाळ्यात तो लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागला, तेव्हाही आम्ही त्याची चेष्टाच केली.

मग खालापूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये तो गाणं अर्ध्यात सोडून स्वतःच्या बोटांकडे बघत उभा राहिला. गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो, व्यसन सोडवायला उपचाराला चल म्हणालो. तो अंगावर धावून आला. त्याची आई मधे पडली नाही. भिंतीला टेकून आम्हाला म्हणाली, “तुमचा बँड ऱ्हाऊ दे नायतर जाऊ दे. माझा पोरगा मला परत आणून द्या.” मग आत जाऊन त्याने स्वतःच पिशवी भरली.

कर्जतबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो काही महिन्यांनी परतला. आम्ही गिरणी झाडून, वायरी जोडून तयार होतो. तो दाराशीच थांबला.

“मी नाय वाजवनार आता.”

“अरे, बरा झालास ना?”

“म्हनूनच. गिटार हातात आली की अंग दुसरं कायतरी मागतं. दोन्ही एकाच दारानं आली रं. दार लावायचं तर दोन्ही बाहेरच.”

आम्ही समजावलं, रागावलो, शेवटी गयावया केली. तो नुसती मान हलवत राहिला.

पुढे खालापूरकडे एका नर्सरीत तो कलमं बांधायला लागला. पावडरीला पुन्हा शिवला नाही. रसायनीच्या नाक्यावर भेटला की आमच्या बायका-पोरांची चौकशी करायचा. कार्यक्रमांबद्दल एक शब्द नाही. पण सुयांनी हृदयाची झडप आधीच खराब केली होती. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

त्याला खांदा द्यायला नर्सरीतली माणसं आली होती. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, “तुमी कसं वळखता याला?”

“आम्ही एकत्र वाजवायचो.”

“वाजवायचा? ह्यो? आमी तर समजायचो याला गानं आवडतच नाय. रेडिओ लावला की उठून पार लांब जाऊन बसायचा.”