ओल्या आढ्याचं गाऱ्हाणं

बोरिवलीच्या जंगलात आम्ही वनसंशोधन केंद्र बांधत होतो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि नोकरीत कायम झालो नव्हतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. स्टेशनच्या बाजूला सिमेंटचे मजले चढत होते आणि आमच्या साहेबांनी हट्ट धरला होता, की जंगलाचा अभ्यास करणारी इमारत जंगलातल्याच लाकडाची हवी. बाहेरून एक फळी आणायची नाही. वादळात पडलेली झाडं कापायची. खांब किंजळीचे, आढं ऐनाचं. मला ती कल्पना झकास वाटली होती. आजही वाटते. खोट कल्पनेत नव्हती.

मिस्त्री विक्रोळीहून यायचा. मूळचा मालवणकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. लाकडातली ओल मोजायचं यंत्र माझ्याकडे असायचं, नोंदही माझ्याच सहीने व्हायची. पण आमच्या कोकणात आढं चढवायच्या आधी मिस्त्री नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, की या छपराखाली येईल त्याला सांभाळ. एकदा गाऱ्हाणं घातलं, की त्या छपराला तो बांधला जातो. तिथे सहीबिही लागत नाही.

त्याने ऐनावर तळहात ठेवला.

"झिला, ह्या अजून थंड लागता. एक पावसाळो जाऊ दे."

"उद्घाटन ठरलंय. मोठे साहेब येतायत."

"येवंदेत. मांडव घाल नि बसव त्येंका." गडी हसले. तो मात्र हसला नाही. "ओल्या आढ्यावर मी गाराणा घालूचंय नाय. तुझा यंत्र काय म्हणता?"

मी यंत्राच्या सुया लाकडात टोचल्या. काटा लाल पट्टीत गेला. लाल म्हणजे ओलं. उद्घाटन वेळेत झालं तर मला कायम करणार होते.

"सुकलंय," मी म्हणालो आणि नोंदही तशीच केली.

त्याने यंत्राकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतंस तर सुकला." मग टोपी नीट करून त्याने गाऱ्हाणं घातलं आणि गडी ओरडले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

उन्हाळ्यात आढं पिळलं. खाचा उघडल्या, कौलं सरकली. पाऊस आत आला आणि वाळवून ठेवलेले पानांचे नमुने कुजले. व्हरांड्यात चौकशी बसली.

"माझा काम तपासा," मिस्त्री म्हणाला. "खाच बघा, सांधो बघा. लाकूड सुकला होता की नाय, ता ह्येंका इचारा."

साहेबांनी माझी नोंद वाचली. "सुकलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

म्हणजे चूक मिस्त्रीची. लेखी माफी माग आणि काम चालू ठेव, असं साहेबांनी त्याला सांगितलं. त्याने रंधा, पटाशी, करवत पोत्यात भरली. "केली नाय त्या चुकीची माफी मी मागूचंय नाय," म्हणाला आणि उतार उतरून गेला. मी त्याच वर्षी कायम झालो. आढं पिळलं म्हणजे ओलंच होतं, हे त्याच्या गावकऱ्यांना कळत होतं; ओल्या लाकडावर गाऱ्हाणं घालणारा म्हणून तो त्यांच्यात बदनाम झाला. पुन्हा आढं चढवायला त्याला कुणी बोलावलं नाही; खिडक्यांच्या चौकटी करत राहिला.

काही वर्षांनी मी त्याच्या खोलीवर गेलो, सगळं सांगितलं. त्याने रंधा थांबवला नाही.

"माका काय सांगतंस? माका ठावक आसा. जंय गप रवलंस, थंय सांग."

मी त्यानंतरही गप बसलो. बढती होती, पोरं लहान होती, मग मोठी झाली. कारणं भरपूर. खरं कारण एकच, भीती. दरम्यान तो गेला.

यंदा केंद्राची स्मरणिका निघतेय. जुन्या माणसांनी गोड आठवणी द्याव्यात, असं पत्र आलं. मी इथवरचं लिहून पाठवलं. तर केंद्रातून फोन आला, "सर, लाकडाबद्दल लिहा ना, हे जुनं कशाला? तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे," मी म्हणालो. "त्याचं झालं तेव्हा तुमच्या ऑफिसला चाललं ना?"

ते म्हणतात, खोट्या नोंदीपासून पुढचं गाळू. एक ओळ गाळायची नाही. छापायचं नसेल तर मी स्वतः प्रती काढून त्या व्हरांड्यात वाटणार आहे, आणि मला अडवायला कोण येतो ते बघतो. आढं ओलं होतं. मिस्त्री बरोबर होता. खोटं मी बोललो.