निळ्या ताटातलं पापलेट

सायलीचं लग्न माझ्या ताटांमुळे मोडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सायली माझी मुलगी. तिच्या होणाऱ्या सासरची माणसं, दिंडोशीचे राणे नवरा-बायको, पहिल्यांदाच आमच्या बोरीवलीच्या घरी जेवायला येणार होती. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि होडीने खाडी ओलांडून गोराईला चाकावर मातीची भांडी करायला शिकत होतो. मी जाहीर केलं, "पाहुणे माझ्या हातच्या ताटांत जेवतील. सगळी एकसारखी."

"बाबा, प्लीज. त्या दिवशी नको ना," सायली म्हणाली.

"करू दे गं. मी स्टीलची पण काढून ठेवते," आमची मंदा म्हणाली. (बायकोचा पाठिंबा लागतोच.)

खरं सांगतो, त्या चाकासारखी अचाट वस्तू मी पाहिली नव्हती. कित्येक आठवडे मातीचा गोळा डुगडुगायचा, मला धक्के मारायचा आणि शेवटी सुटून माझ्या मांडीत येऊन बसायचा. मग एका सकाळी तो एकदम शांत झाला. फिरतोय की थांबलाय, तेच कळेना. बोटं जरा वर नेली, तर त्यांच्यासोबत मातीची भिंत उभी राहिली. अंगावर काटा आला.

"काका, श्वास घ्या," शिकवणारी देविका म्हणाली.

ती आणखीही बरंच सांगत होती. माती सुकताना आक्रसते, भट्टीत आणखी आक्रसते, म्हणून मोठं घडवा. मी त्या भिंतीकडे बघत होतो. ताटं केली ती घरच्या स्टीलच्या ताटाचं माप घेऊन.

भट्टी उघडली. राखाडी लेप लावून आत गेलेली भांडी गोराईच्या समुद्रासारखी निळी होऊन बाहेर आली होती. मी नकळत हात जोडले. मग नीट पाहिलं. ताटांच्या बशा झाल्या होत्या, आणि नवीन करायला वेळ उरला नव्हता.

ताटं कोणी केली, हे मी पाहुण्यांना जेवणं झाल्यावरच सांगणार होतो. रविवारी मंदाने पापलेट वाढलं. डोकं बशीच्या या बाजूला बाहेर, शेपूट त्या बाजूला बाहेर. भात कुठे वाढायचा, हा प्रश्नच होता. त्यात माझी सगळी ताटं बुडाशी गोल. राणे घास घ्यायला वाकले, की ताट डुलायचं.

"ह्या ताट हलता कित्याक?" त्यांनी हळूच बायकोला मालवणीत विचारलं. विहीणबाईंनी डोळे वटारले.

तेवढ्यात ताटांसोबत मी केलेल्या वाट्यांतली सोलकढी कमी व्हायला लागली. कोणी पीत नव्हतं. बुडाला केसाएवढ्या चिरा होत्या आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर गुलाबी तळी पसरत होती. सायलीने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करत नाही. मंदा उठली आणि स्टीलची ताटं घेऊन आली.

राण्यांना हसू आवरेना. त्यांच्यापाठोपाठ सायलीही हसली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी एक निळं ताट पुसलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"रंग काय सुंदर उतरलाय हो," त्या म्हणाल्या. "इतक्या लहान हातांनी एवढं करायचं म्हणजे कौतुकच आहे. कितवीत आहे?"

मी आतल्या खोलीत जायला निघालो, पण सायलीने गाठलंच.

"रिटायर झालेत, काकू. आता पहिलीत बसलेत."